खिडकीतला व्हॅसलिनचा पुठ्ठा

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही रागवाल ही भीती उरलेली नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर, आपली डोंबिवलीची शाळा, मी सातवीत. हवेचं प्रदूषण हा धडा तुम्ही पुस्तकातून शिकवलाच नाहीत. प्रत्येकाला एक पांढरा पुठ्ठा दिलात, स्वतःच्या हातांनी त्यावर व्हॅसलिन चोपडलंत आणि म्हणालात, "आठ दिवस खिडकीत टांगा. मागे पत्ता लिहा. कुठली हवा कशी, ते पुठ्ठाच सांगेल. मग सगळे शाळेच्या प्रदर्शनात मांडू." आमची खोली कारखान्यांच्या बाजूला. वाळलेले कपडे झटकल्याशिवाय घडी घालायचे नाहीत, ही आमच्याकडची रीतच होती. आठव्या दिवशी माझा पुठ्ठा तव्याच्या बुडासारखा झाला. खाडीकडे राहणाऱ्या मैत्रिणीचा जेमतेम पिवळसर. मी नवा पुठ्ठा कापला, ताजं व्हॅसलिन लावलं आणि तोच वर्गात आणला.

तुम्ही तो उजेडात धरलात. "अगं, आठ दिवसांत एक चिलटसुद्धा चिकटलं नाही?" वर्ग खो-खो हसला. मधल्या सुट्टीत तुम्ही मला थांबवून घेतलंत आणि तुम्ही काही विचारायच्या आधीच मी रडायला लागले. "बाबा तिथल्याच कंपनीत बॉयलरवर आहेत. प्रदर्शनाला त्यांचेच साहेब येणारेत ना? त्यांनी पत्ता वाचला तर बाबांची नोकरी जाईल." तुमचा चेहरा उतरला. पदराने माझे डोळे पुसत म्हणालात, "चूक माझी गं. मला हे सुचायला हवं होतं." माझा खरा पुठ्ठा तुम्ही मागवून घेतलात आणि सगळ्यांच्याच पत्त्यांवर कोरा कागद चिकटवलात.

प्रदर्शनात साहेब माझ्या काळ्या पुठ्ठ्यापुढे थांबतात. "हा कुठला?" तुम्ही म्हणता, "आमच्या एका मुलीच्या खिडकीतला." "रस्त्याची धूळ असणार," असं म्हणून ते हसतात आणि पुढे सरकतात. तुम्हाला उत्तर ठाऊक होतं, बाई. माझ्या बाबांसाठी तुम्ही मूग गिळून उभ्या राहिलात आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात गेली. त्या दिवशी तुमच्याकडे बघवत नव्हतं मला.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. बाबांनी तो काळा पुठ्ठा मी बदलायच्या आधीच पाहिला होता. म्हणाले होते, "असाच दे. पत्त्यासकट दे. आपण काय हुंगतो ते साहेबालाही कळू दे की." नोकरीची भीती त्यांना नव्हतीच. मैत्रिणीसमोर आमचं घर काळं दिसायला नको, एवढंच मला हवं होतं. प्रदर्शनाला बाबा पाळी बदलून आले, हात मागे बांधून सगळे पुठ्ठे बघत फिरले आणि मला विचारलं, "आपला कुठला गं?"

मी पांढऱ्यांतला एक दाखवला.