गठाणरावांचं शेडिंग

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. भाषा शुद्ध ठेवायची. वऱ्हाडी बोलणं ऑफिसात अन् घरात, इथं नाही.

कारण मोठं आहे. अकोल्याच्या 'खरीप' साप्ताहिकाला पहिल्या पानासाठी कायमचं कार्टून पात्र पाहिजे. तीन जणांची पात्रं आळीपाळीनं छापणार, मग वाचक मतं देणार. ज्याचं पात्र निवडून येईल तो 'खरीप'चा स्टाफ आर्टिस्ट. म्हणजे मी. बाकीचे दोघं कोण आहेत ठाऊक नाही, पण बिचाऱ्यांची दया येते.

ऑफिसात मी टेंपररी क्लार्क. परमनंट व्हायचं तर २६ तारखेला टायपिंगची परीक्षा. आता तिची गरज उरली नाही. तरी शिस्त म्हणून रोज एक तास प्रॅक्टिस करणार.

१३ नोव्हेंबर, सोमवार.
पात्र तयार! अर्धा तास लागला. नाव गठाणराव. कापसाचा दलाल. वर तुऱ्याचा गोल फेटा, खाली त्याहून गोल पोट, मधी झुबकेदार मिशा, पोटाखाली धोतराच्या निऱ्या, पायात जोडे. बायकोला, म्हणजे पंचफुलेला दाखवलं. ती इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली. ऑफिसातल्या डोमाजी चपराशानं कागद पाहताच सांगितलं, हा तं मार्केटातलाच हाये, नाव घेऊ नका, पंचाईत होईन.

इथं मला शंका आली. चपराशाला एका नजरेत समजते ती कला कसली? नुसत्या रेघा. गोलाई नाही, खोली नाही. शेडिंग पाहिजे. शेडिंगशिवाय माणूस म्हणजे पापड.

टायपिंग : उद्यापासून.

१६ नोव्हेंबर, गुरुवार.
सी.एल. टाकून अकोल्याला जाऊन आलो. कारण लिहिलं : पोटदुखी. (खोटं नाही. गठाणरावांचं पोट दिवसभर डोक्यात होतं.)

'खरीप'चे मालक ओमप्रकाशजी. संपादकही तेच. छापखाना मागच्या खोलीत. चित्र पाहून टेबलावर थाप मारून हसले. म्हणाले, बस, भाऊ, असंच द्या, आजच ठेवून जा. मी म्हटलं, अजून शेडिंग बाकी आहे. त्यांचा चेहराच उतरला. म्हणे, शेडिंग बिलकुल नको. छापायचा ठसा, म्हणजे ब्लॉक, नागपूरहून बनून येते, त्यात चित्र होते लहान, दाट रेघा एकमेकींत घुसतात, वरून आमचा कागद असा, शाई पिते. मोकळ्या रेघा ठेवा, पोट हसू द्या.

मी नम्रपणे ऐकून घेतलं. व्यापारी माणूस, शाई वाचवायला पाहतो. चित्र परत घेऊन आलो.

१९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेसात.
शेडिंग निसर्गावरून करायचं, ठरलं. अंगणात रांजण पालथा घातला. हे पोट. त्यावर माठ. हे डोकं. माठाला माझा लग्नातला फेटा बांधला. ऊन छान आहे. डाव्या बाजूला झकास सावली पडली आहे.

दुपारी १२. सावली हरामखोर पोटाखाली गेली. पंचफुला दोनदा येऊन गेली. म्हणे, पानी काय वंजळीनं प्यायचं काय? मी म्हटलं, एक दिवस कलेसाठी तहान सोस. ती शेजारच्या मनकर्णाबाईकडे पाणी प्यायला गेली अन् तिथं काय सांगितलं कोण जाणे, आता दोघीही कुंपणावरून पाहून राहिल्या आहेत. पाहत आहेत. (शुद्ध भाषा.)

संध्याकाळी ५. सावली उजव्या बाजूला. तीसुद्धा प्रामाणिकपणे काढली. पंचफुला म्हणते, एका मानसाले दोन्हीकून सावली कशी राईन? पण मी जे पाहिलं तेच काढलं. डावीकडे सकाळ, उजवीकडे संध्याकाळ, मधी दुपार. एका चित्रात अख्खा दिवस! हे आजवर कोणी केलं असेल असं वाटत नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार.
ऑफिसला जायच्या आधी फेट्यावर आडव्या रेघा. आल्यावर त्यांवर उभ्या. मग तिरप्या. दर थराला गठाणराव अधिक खोल होत आहेत. टाकाची निबं तीन मोडली. टायपिंगची प्रॅक्टिस केली नाही, पण बोटांचा व्यायाम झाला, म्हणजे एकच.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.
नवी युक्ती. दाताचा ब्रश शाईत बुडवून बोटानं झटका द्यायचा. बारीक ठिपके उडतात, बाराबंदी अगदी कापडाची वाटते. आमच्या घरात दाताचा ब्रश हा पहिलाच. दातांची पाळी काही आली नाही.

संध्याकाळी वाईट झालं. आमचे हेडक्लार्क पंजाबराव स्वतः घरी आले, परीक्षेचा नंबर द्यायला. नेमकं मी झटका देत होतो. त्यांचं धोतर पांढरंशुभ्र, कालच परटाकडून आलेलं. आता गुडघ्यापर्यंत ठिपक्याठिपक्यांचं. पण मोठा माणूस! ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, शेषराव, साहेबाच्या हातापाया पडून तुमचं नाव टाकलं हाये, रविवारी दहाले हजर राहा, ह्या वेळेस चुकलं तं मग मी काही करू शकत नाही.

गेल्यावर माझे डोळे भरून आले. चांगल्या माणसाला सोडून जावं लागणार.

२६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.
परीक्षेला निघालो. टोपी घातली. जाता जाता चित्राकडे एक नजर टाकली. उजव्या गालावर थोडं पांढरं राहून गेलं आहे. पाच मिनिटांचं काम.

दुपारी २. गाल झाला.

दुपारी ३. टोपी डोक्यावरच राहिली होती, ती पंचफुलेनं काढून खुंटीला टांगली. भांडली असती तर परवडलं असतं. तिला माहीत नाही की स्टाफ आर्टिस्टच्या बायकोला अकोल्यात काय मान असतो. मलाही माहीत नाही, पण असणारच.

चित्र पूर्ण. कागद शाईनं इतका जड झाला आहे की हातात धरला की वाकतो. गठाणराव आता सहज दिसत नाहीत, थोडं थांबून पाहावं लागतं. हीच तर खोली.

२७ नोव्हेंबर, सोमवार.
चित्र रजिस्टरनं रवाना. ऑफिसात पंजाबरावांच्या टेबलासमोरून न जाता मागच्या दारानं ये-जा केली.

९ डिसेंबर, शनिवार.
छापून आलं!! पहिलं पान! खाली माझं पूर्ण नाव! स्टँडवर पाच अंक घेतले. आनंदानं राजापेठेपर्यंत पायी गेलो, तिथं आठवलं की घर दुसरीकडे आहे.

छपाई जरा ठसठशीत आली आहे. मधी मोठा काळा गोळा, त्यावर लहान काळा गोळा... की उलट? नाही नाही, बरोबर आहे. वरचा मोठा तो फेटा, शेडिंगनं फुगला. दोन ठिकाणी पांढरं राहिलं आहे : ती वरची टोकं म्हणजे तुरा, अन् त्याखालचे झुपके त्या मिशा. सवयीच्या नजरेला सगळं दिसतं.

११ डिसेंबर, सोमवार.
ऑफिसात सर्वांना अंक दाखवला. पहिल्यांदा कोणालाच समजलं नाही. डोमाजी म्हणाला, सायेब, हे जळालेलं काय हाये? मग मी पेन्सिलीनं एकेक दाखवलं : हा तुरा, ह्या मिशा. एकदा दाखवलं की सगळे हो म्हणतात. तेव्हा ठरवलं, मतं मिळवायची तर प्रचार पाहिजे. चहाची टपरी, वाचनालय, कटिंगचं दुकान, सगळीकडे अंक अन् पेन्सिल घेऊन फिरलो. कटिंगवाल्यानं अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक थांबवून मिशा पाहिल्या. म्हणे, जमल्या.

वाचनालयातला एकजण म्हणाला, कालपर्यंत डाग वाटत होता, आता मिशाच दिसतात. टाळी दिली त्याला.

१७ डिसेंबर, रविवार. बाळापूर.
सासऱ्यांकडची मतं पक्की करायला आलो. पंचफुला सोबत आली नाही. सासरे नत्थुजी ओट्यावर बसले होते. मी अंक पुढे केला. मामाजींनी चष्मा पुसला, लावला, काढला. मग अंक उलटा धरला अन् खुश होऊन म्हणाले, हां! आता दिसला, जावाईबुवा! मोठ्या पोटाचा मानूस हाये!

वडीलधारे आहेत. रागावलो नाही. अंक हळूच सरळ करून दिला, नाव खाली असते हे समजावलं, मग तुरा दाखवला, मिशा दाखवल्या. त्यांनी तिसऱ्या वेळी मान हलवली. चष्म्याचा नंबर वाढला आहे, अकोल्याला नेऊन तपासायला पाहिजे. स्टाफ आर्टिस्ट झालो की नेईन.

पानसुपारीनंतर आणखी सात जण जमवले. सातही जणांना मिशा दिसल्या.

२३ डिसेंबर, शनिवार.
घात! 'खरीप'नं मतदानासाठी तिन्ही पात्रं शेजारी शेजारी छापली आहेत. बाकीची दोन नुसत्या रेघांची, उघडीबोडकी, पोरकट. अन् माझे गठाणराव? उलटे! चक्क खाली डोकं वर पाय! फेटा खाली, तुरा जमिनीत! पान फिरवून फिरवून पाहिलं. शंकाच नाही. एवढ्या मेहनतीनं वाचकांची नजर तयार केली अन् मतदानाच्या दिवशीच यायनं माती केली. हे चुकून झालं नाही. कोण्या दुसऱ्या चित्रकाराचा हात हाये यात! (आज शुद्ध भाषा गेली चुलीत.)

२४ डिसेंबर, रविवार.
ओमप्रकाशजींना चार पानी पत्र. भाषा कडक. लिहिलं की, ज्या छापखान्याला माणसाचं डोकं कुठं अन् पाय कुठं हे समजत नाही, त्यानं पंचांग छापावं. सोबत पहिला अंक जोडला, त्यावर लाल पेन्सिलीनं बाण काढले : फेटा. तुरा. मिशा. पुढच्या अंकात पहिल्या पानावर माफी मागावी, मतदान रद्द करून नव्यानं घ्यावं. पत्र पंचफुलेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, टाकू नका. अजून तिचा राग गेला नाही. टाकलं.

२८ डिसेंबर, गुरुवार.
उत्तर नाही. घाबरले असतील.

३० डिसेंबर, शनिवार. सायंकाळी ६.
ओमप्रकाशजींचं कार्ड. भाषा फार गोड. लिहितात :

तुमची माफी मागतो, पण ती पहिल्या अंकाची. ९ तारखेला आमच्या कंपोझिटरनं ब्लॉक उलटा बसवला होता. आठवडाभर जीव टांगणीला होता, तुम्ही रागावून येता की काय. तुमची तक्रार आली नाही तेव्हा चूक खपून गेली म्हणून हायसं वाटलं. २३ तारखेला ब्लॉक नागपूरहून परत आलेल्या तुमच्या मूळ चित्राशी ताडून, सरळ बसवला आहे. तुमची बाणांची प्रत छापखान्यात सगळ्यांनी पाहिली. पसंती दुसऱ्या पात्राला मिळाली. तुम्हाला अकरा मतं, पैकी आठ बाळापूरची.

मूळ चित्रही त्यांनी परत पाठवलं आहे. मी ते वरून, खालून, दोन्हीकडून पाहिलं. नीट पाहिलं.

पंजाबराव भेटले. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, मार्चच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला हाये, सही करा. केली.

कटिंगच्या दुकानावरून आता जाता येणार नाही. त्या बिचाऱ्याला मी तुरा म्हणून जोडे दाखवले, अन् मिशा म्हणून धोतराच्या निऱ्या.