चांदीच्या रेघेची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा चित्रकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण मागे ठेवण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

१. राहत्या दोन खोल्या माझ्या मुलीला द्याव्यात. उत्तरेच्या खिडकीला जाड पडदा लावू नये, ही विनंती आहे. जावईबापूंनी तिथे कपाट ठेवायचं काढलं, तर मात्र ती अट समजावी.

२. माझी शिडी, ब्रश व रंगाचे डबे धाकट्या दिरांना द्यावेत. यजमान गेल्यावर मी एकोणीस वर्षे त्यांच्याबरोबर लोकांची घरं रंगवली. एका वकिलांच्या दिवाणखान्यात पांढरा प्रायमर मारून झाला होता. भिंत गुळगुळीत झाली का, हे हात फिरवून बघताना माझी चांदीची अंगठी घासली गेली आणि राखाडी रेघ उमटली. फडक्याने पुसली, जाईना.

दीर ओरडले, "वहिनी, भिंतीची वाट लावलीत! ती अंगठी काढा आधी!"

मी काढली. चिमटीत धरली आणि तिच्या कडेने समोरची शिडी भिंतीवर काढली, सगळ्या पायऱ्यांसकट. केसासारखी बारीक रेघ! जन्मात असं काही माझ्या हातून झालं नव्हतं. दिरांनी त्यावर रंगाचे दोन हात मारले. माझा राग नाही. ते ओरडले नसते, तर अंगठी बोटातच राहिली असती.

३. चांदीच्या तारा, त्या बसवायच्या लाकडी दांड्या आणि कागदाला अस्तर देण्याचं सामान ग्रंथालयातल्या बाईंना द्यावं. पहिली तार त्या अंगठीचीच. सोनारकाका ती वितळवायला तयार नव्हते. "यजमानांची आठवण मोडायची नसते," म्हणाले. मी म्हटलं, "मोडत नाही काका, कामाला लावतेय."

कागदाला पांढरं अस्तर द्यायचं, वाळू द्यायचं, मग तारेने काढायचं, एवढं मी माझी मीच शिकले. वर्षभराने बाईंनी एक जाडजूड पुस्तक समोर ठेवलं. "अहो, हा शोध तुमचा नाही. पाचशे वर्षांपूर्वीही लोक असंच काढायचे." त्यांना वाटलं, मी हिरमुसेन. मला तर माहेरची माणसं सापडल्यासारखं झालं! त्या दिवसापासून बाईही शिकू लागल्या. आता त्यांचा हात चांगला बसला आहे.

४. टेबलाच्या खणातलं अर्धं झिजलेलं रबर चित्रकला मंडळाच्या माजी अध्यक्षांना पोचतं करावं. वार्षिक प्रदर्शनासाठी मी तारेने काढलेला मुलीचा चेहरा नेला, तेव्हा त्यांनी तो बोटाच्या टोकाने परत सरकवला. "पेन्सिलची कामं घेत नाही. शिवाय रंगाऱ्यांसाठी वेगळी स्पर्धा असते."

मी त्यांच्याच टेबलावरचं रबर उचलून पुढे केलं. "ही पेन्सिल असेल तर खोडून दाखवा."

त्यांनी कोपऱ्यातली एक बट निवडली आणि जोर लावला. कपाळावर घाम आला. केस जागच्या जागी! मंडळाचा कारकून वहीत तोंड लपवून हसत होता. शेवटी चित्र घ्यावंच लागलं. त्या वर्षी पहिलं बक्षीस त्या चित्राला मिळालं आणि बक्षीस देताना अध्यक्षांना माझं नाव मोठ्याने वाचावं लागलं. रबर मी न विचारता आणलं होतं, ते परत जावं.

५. माझी दोनशे बारा चित्रं शहराच्या संग्रहालयाला द्यावीत. त्यांनी तशी लेखी मागणी केली आहे, आणि मी ते पत्र सात वेळा वाचलं आहे. चित्रं कोणी साफ करायला जाऊ नये. चांदीची रेघ हवेने वर्षानुवर्षं तपकिरी होत जाते. तो डाग नव्हे. मी थांबल्यावरही चित्रं आपलं काम करत राहतील, एवढंच.

६. फळीवर ताणलेला कागद कोणालाही देऊ नये. नातीचा चेहरा अर्धा झाला आहे, आणि तो मी पुरा करणार आहे. सबब, वरील कलमांची कोणी घाई करू नये.

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपीदादा. वाचून म्हणाले, "वहिनी, यात रडायला जागाच ठेवली नाहीत."

साक्षीदार दुसरे: आमचे डॉक्टर. त्यांनी विचारलं, "हात कापतो का?" म्हटलं, "पाण्याचा पेला धरताना कापतो." मग त्यांच्यादेखत तार घेतली आणि नातीच्या भुवईची रेघ एका दमात ओढली. डॉक्टरांनी चष्मा काढून पाहिली आणि सहीखाली आपल्या हाताने लिहिलं: हात स्थिर.

ठिकाण: माझं कामाचं टेबल
दिनांक: नऊ मार्च, सकाळी, उजेड चांगला असताना

(सही)