माझ्याच शेतातला मका

९ ऑगस्ट, शनिवार
आमच्या लेकीचं, वामुयुचं, लग्न ठरतंय. मुलगा मुरेथी, इंजिनियर. वडीलधाऱ्यांशी बोलताना खिशात हात घालत नाही, हे मी पाहून घेतलं. तेवीस तारखेला त्याची माणसं रुरासिओला, म्हणजे देण्याघेण्याच्या बैठकीला, येणार. बकऱ्यांची बोलणी, भाषणं, जेवण. आज महिला मंडळात उभं राहून सांगितलं, त्या दिवशीच्या मुकिमोत पडणारा प्रत्येक दाणा माझ्या शेतातला असेल. बाजारचा मका बटाट्यात कुटून व्याह्यांपुढे ठेवणाऱ्या घरांबद्दलही माझं मत सांगितलं. सगळ्यांना ते ठाऊक आहे. तरी सांगितलं.
शेजारची किरिगोची आई म्हणाली, हेडबाई, जंगलाच्या कडेचा मका टोपलीत पडेपर्यंत आपला म्हणू नये.
ही बाई पहिल्यापासून निराशावादी.

११ ऑगस्ट
सकाळीच बबूनांची टोळी मक्यात. मी टाळी वाजवली. या टाळीवर सबंध शाळा रांगेत उभी राहत असे. टोळीचा म्होरक्या, फाटक्या कानाचा, कणीस सोलत राहिला. सोलून झाल्यावर मात्र माझ्याकडे पाहिलं. सुरुवात चांगली आहे. शिस्त लागायला वेळ लागतो.
नवरा, गाथोगो, म्हणाला, मी जाऊन बसू का बांधावर? नको म्हटलं. निवृत्तीनंतर कोंबड्या त्याच्या आणि शेत माझं, असं ठरलंय. कोंबड्यांचं काय झालं ते जगाला माहीत आहे.

१३ ऑगस्ट
कणसांना तिखट चोळलं. त्यांनी ती गवतावर पुसून खाल्ली. शिट्टी फुंकून फुंकून माझे गाल दुखले. तेवढ्यात गाथोगो चहा घेऊन फाटकापर्यंत आला आणि नुसता खोकला. सगळे पळाले. शिट्टीचा परिणाम थोडा उशिरा होतो, असं दिसतं.
किरिगोची आई म्हणे, अहो, ते बायकांना भीतच नाहीत! तुम्ही ओरडा, नाहीतर स्तोत्रं म्हणा. त्यांना पॅंट लागते.
कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं होतं. असलं काही त्यात नव्हतं.

१५ ऑगस्ट
केवळ प्रयोग म्हणून गाथोगोची पॅंट, कोट आणि हॅट घातली. टोळी झाडांपर्यंत पळाली! किरिगोची आई रस्त्यावरून ओरडली, काय गाथोगो, आज बायकोने शेतात पाऊल टाकू दिलं? मी समाधानाने गप्प राहिले.
नंतर फक्त एवढंच म्हटलं, "परत आलात तर याद राखा!"
परत आले. फाटक्या कानाच्याने बांधावर बसून जो हावभाव केला, तो लिहिण्यासारखा नाही.
उद्यापासून तोंड उघडायचं नाही.

१६ ऑगस्ट
सकाळभर तोंड उघडलं नाही. मग एक मादी कणसाचा एक घास घेऊन बाकीचं फेकताना दिसली. पुन्हा नवं कणीस, पुन्हा एक घास. अन्नाची नासाडी मी कधीच सहन केलेली नाही. बोलले. थोडंच बोलले.
निम्मं शेत गेलं. निम्मं आहे, आणि मुकिमोला निम्मं पुरतं.

१८ ऑगस्ट
वामुयुचा नैरोबीहून फोन. आई, बाबांना बसव ना तिथे. मी म्हटलं, पुरुष नुसता उभा राहिला की काम होतं, हे मी जन्मभर मुलींना शिकवलं नाही. आता माकडांकडून शिकणार नाही.
म्हणाली, आई, तत्त्व राहील गं, मका राहील का?
वन्यप्राण्यांच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या तरुणाने विचारलं, आजी, घरात कुणी पुरुष नाही का? फोन ठेवला. जोरात.

२१ ऑगस्ट
गाथोगोला खुर्च्या आणायला पाठवलं. मी चर्चमध्ये जेमतेम तासभर. परत आले तर शेतात नुसती धाटं. भोपळ्याचे वेलही उपटलेले. फाटक्या कानाचा सावलीत पोट वर करून झोपला होता.
गाथोगोने खुर्च्या मोजून अंगणात लावल्या. त्याने बोलायला हवं होतं.

२२ ऑगस्ट
पहाटेच्या मटाटूने कराटिनाच्या बाजाराला गेले. लांब आहे, पण तिथे मला कुणी ओळखत नाही. एका जाड बाईकडून ओला मका घेतला. घरी कार्य आहे का, असं तिने विचारलं. शाळेसाठी, म्हटलं. माझं आयुष्य शाळेतच गेलं, तेव्हा हे अगदीच खोटं नाही. दाणा बारीक आहे, हेही सांगितलं, आणि दोन रोपांत किती अंतर ठेवावं ते समजावून दिलं. ऐकून घेत होती.
मका माझ्या अंगणात सोलला, माझ्या चुलीवर शिजला. व्यापक अर्थाने घरचाच.

२३ ऑगस्ट
बोलणी सुरळीत झाली. वामुयु खूश. मुरेथीची आई म्हणाली, घरच्या मक्याची चव लपत नाही हो. तेव्हा मला उठून चार शब्द बोलणं भागच पडलं. जमीन, मेहनत, रोपांतलं अंतर. चाराचे बरेच झाले. बसताना रांगेच्या टोकाला नजर गेली.
कराटिनाची जाड बाई. मुरेथीची आत्या. दुसऱ्यांदा वाढून घेत होती.
चारचौघांत तिने अवाक्षर काढलं नाही. हात धुताना जवळ येऊन म्हणाली, "विहीणबाई, पुढच्या पेऱ्याला अंतर ठेवू हं. पण कालच बोलला असतात, तर पोतं घरपोच पाठवलं असतं. माकडांचं का आम्हाला माहीत नाही? आमचा म्हातारा दिवसभर बांधावर घोरत पडतो, म्हणून दाणा राहतो. माझं ऐकतात होय मेले!"
मी तिच्या हातावर पाणी ओतलं. धुतलेल्या हातांवर पुन्हा ओतलं.
निघताना तिने उरलेला मुकिमो डब्यात मागितला, म्हाताऱ्यासाठी.
दिला. काठोकाठ भरून.