रुंद दारांचं घर

प्रिय क्लेटनदादा,

घर उभं राहिलं रे! आयोवात, आपल्याच मक्याच्या शेतात. पुढे ऐसपैस ओसरी, दगडी बैठकीवर वर निमुळते होत गेलेले लाकडी खांब, आत शेकोटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीतच बसवलेली बाकं.

ओसरीला पायऱ्या नाहीत, उतार आहे. सुतार लुंडक्विस्ट कुरकुरला, "व्हर्नाबाई, एवढी रुंद दारं? घरात गाय आणताय की काय?"

"गाय नाही, भाऊ आणतेय. चाकाच्या खुर्चीसकट."

मग न सांगता त्यानं तुझ्या खोलीची खिडकी हातभर खाली घेतली, तुला बसल्या जागी शेत दिसावं म्हणून.

दादा, तुझा अपघात झाला त्या दिवशी ट्रॅक्टर मी चालवत होते. तू मात्र सगळ्यांना 'माझाच पाय घसरला' म्हणून सांगितलंस आणि शहरातल्या शुश्रूषागृहात जाऊन राहिलास. सहा वर्षं मी तोंड उघडलं नाही. काल जेवताना आईला खरं सांगून टाकलं. ती खूप रडली, मग म्हणाली, "आता जा आणि त्याला घेऊन ये."

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू उलट टपाली नकार कळवशील. त्यापेक्षा मीच निघतेय, आत्ता, या क्षणी!

तुला न्यायला येणारी,
व्हर्ना