उन्हातून आलेत

घोडबंदर रोड, ठाणे
२ मार्च २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. पोस्टाने पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इथे सगळं ठीक आहे. दर रविवारी फोनवर बोलतोच आपण, पण आईच्या गोळ्या, आईची झोप, आईचं पोट यापलीकडे बोलणं जात नाही. शिवाय ती शेजारीच बसलेली असते. कॉलेजात बारावीच्या प्रॅक्टिकल संपल्यात, जरा सवड आहे, म्हटलं कागदावर लिहावं.

मैथिलीची बदली मुलुंडच्या शाखेत झाली, त्यामुळे तिचं जाणं-येणं कमी झालं. डोंबिवलीच्या घरात भाडेकरू आले. नवराबायको आणि एक लहान मुलगी. स्वच्छ ठेवतात. तुमच्या इंदूरची थंडी सरली का? भावोजींचा गुडघा कसा आहे?

माझ्यामागे एक छोटी कटकट लागलीये. दिवाळीनंतर तोंडावर पुरळ उठलं. वाटलं, फटाक्यांचा धूर बाधला. गेलंच नाही. पहिल्या डॉक्टरांनी बुरशी म्हणून मलम दिलं. दुसऱ्यांनी ॲलर्जी सांगितली, म्हणून मासे, वांगी, टोमॅटो, शेंगदाणे सगळं बंद केलं. तिसऱ्यांनी स्टेरॉइडचं मलम दिलं. त्याने चेहरा असा साफ झाला की मैथिलीने शिरा केला. मलम थांबवलं आणि पुरळ दुपटीने परत आलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. आताच्या डॉक्टर बाई म्हणतात, आपण थोडं थांबून बघू. दुखत नाही, नुसती आग होते. उन्हात गेलो, चिडलो, गरम चहा प्यायलो की वाढते. कॉलेजात काहीबाही बोलतात, पण ते चालायचंच.

आई बरी आहे. थोडी गप्प असते, एवढंच. दिवसभर तिच्यासाठी पायल नावाची मुलगी ठेवलीये, मोहन्याहून येते. चांगली आहे. तिच्याबरोबर आई पत्ते खेळते, कधी कधी तिच्याकडून पाढे म्हणून घेते. शिकवणीची सवय, दुसरं काय. संध्याकाळी मात्र जरा अस्वस्थ होते. विसरण्याच्या या आजारात संध्याकाळी असं होतंच म्हणतात.

तू व्हिडिओ कॉल करायला सांगत होतीस. इकडे नेट धड चालत नाही.

बाकी ठीक. उत्तर घाईने लिहू नकोस.

तुझा
शौनक

ठाणे
२७ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी लिहिल्यास आणि त्यातली एक, "तोंडावर म्हणजे नेमकं कुठे?"

म्हणजे तू ओळखलंस. दोन्ही गालांवर, नाकावर, थोडं हनुवटीवर. लालभडक, मध्ये मध्ये बारीक फोड, नाकाच्या कडेला निळसर शिरा. डोळ्यांखाली सूज. शेवटच्या वर्षांत भाऊंचा चेहरा जसा झाला होता, तसा. मी कधी थेंबभर घेतली नाही हे तुला ठाऊक आहे. लग्नात, पार्टीत, कुठेच नाही. तरी पन्नाशीच्या आत माझ्या तोंडावर वडिलांचं तोंड येऊन बसलंय.

मार्चमध्ये एका पालकांनी तक्रार केली की केमिस्ट्रीचे सर पिऊन वर्गावर येतात. उपप्राचार्य बाईंनी मला बोलावलं. सज्जन बाई आहेत. चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि घरी काही त्रास आहे का असं विचारलं. मी त्वचेच्या डॉक्टरांचे कागद पुढे ठेवले. त्यांनी ते नीट वाचले, मान हलवली आणि व्यसन सोडवायला मदत करणाऱ्या कुणाचा तरी नंबर मला लिहून दिला. असू दे जवळ, म्हणाल्या. नव्या वर्षात मला वर्ग नाहीत, फक्त प्रयोगशाळा.

तुला आठवतं, भाऊ तसलं तोंड घेऊन जिना चढायला लागले की आई शेजारच्या काकूंना सांगायची, उन्हातून आलेत. बाहेर अंधार पडलेला असायचा. काकूही हो हो म्हणायच्या. कोलशेतच्या कंपनीतले साहेब, सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्याबद्दल दुसरं काय बोलणार? परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, तर मैथिली घाईघाईने म्हणाली, उन्हातून आलाय तो. आणि एकदा माझा शर्ट मशीनमध्ये टाकण्याआधी तिने नाकाशी धरलेला मी पाहिला. घामाचा वास बघत होते, म्हणाली. असेलही.

हे सगळं सहन होतं. आईचं लिहायला धजत नाही म्हणून इकडचं तिकडचं लिहीत बसलोय.

जानेवारीत एकदा मी दारातून आत आलो तर ती उठून उभी राहिली. मला "अहो" म्हणाली. पाणी आणू का विचारलं. मला वाटलं, आजार, विसरली असेल. पण मग मी आलो की ती टीव्ही बंद करायला लागली. टेबलावरचे काचेचे ग्लास उचलून कपाटात ठेवायला लागली. पायल म्हणाली, आजी दिवसभर हसतखेळत असतात, तुमची यायची वेळ झाली की दाराकडे बघत बसतात आणि मला सांगतात, मुलांना खाली खेळायला ने. कुठली मुलं, असं ती मला विचारत होती. मी सांगितलं, मी आणि माझी बहीण.

मागच्या आठवड्यात पेपर तपासून घरी येत होतो. मानपाड्याच्या पुढे गाड्या तुंबलेल्या, रिक्षात नुसती झळ. पोचलो तेव्हा चेहरा पेटला होता. आईची गोळी राहिली होती आणि पायलला निघायची घाई होती, म्हणून मीच गोळी आणि पाणी घेऊन तिच्यापाशी वाकलो. तिने दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले. मग सावकाश खाली घेतले आणि शेजारी ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"इथे नको. मुलं बघतात. आत चला, मी दार लावते."

आणि उठून माझ्या पुढे स्वयंपाकघराकडे चालायला लागली. कोपरं अंगाशी घट्ट धरून.

ताई, डोंबिवलीच्या स्वयंपाकघराचं दार तू विसरली नसशील. आपण दोघं बाहेर, ती आणि भाऊ आत. तू नेहमी म्हणायचीस, आई त्यांच्या बाजूची होती, आपल्याला बाहेर ठेवून दार लावून घ्यायची. गेल्या वर्षी तिला मी इकडे आणलं तेव्हाही म्हणालीस, लागेल ते सांग, पण तिला माझ्याकडे पाठवू नकोस. मी वाद घातला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. आता कळलं. त्यांचा हात आपल्यावर पडू नये म्हणून ती त्यांना आत न्यायची. दार आपल्यासाठी लावायची.

आत जाऊन ती ओट्याला पाठ टेकून उभी राहिली आणि डोळे मिटून घेतले. मी काय करायचं होतं? गोळी ओट्यावर ठेवली, बाहेर आलो आणि जिन्यात जाऊन बसलो. मैथिली आली तेव्हाही आई तशीच उभी होती.

तेव्हापासून घरात मास्क लावून वावरतो. मास्क लावला की मी डॉक्टर. जीभ दाखवा म्हटलं की दाखवते, गोळी घेते. परवा मला विचारत होती, डॉक्टर, माझा मुलगा का येत नाही भेटायला? मी म्हणालो, कॉलेजात काम आहे त्याला, येईल. पण मास्कखाली पुरळ चिघळतं, गालातून पाणी यायला लागलंय. डॉक्टर बाईंनी मास्क बंद करायला सांगितला. मैथिलीची क्रीम-पावडर थापून पाहिली, घामाबरोबर ओघळली आणि चट्टे आणखी भयंकर दिसायला लागले.

तिला घेऊन जा, ताई. एवढंच मागायला हे पत्र आहे. मी कधी बरा होईन ते कुणी सांगत नाही. तोवर तिची रोजची संध्याकाळ त्या घरात जाते, आणि तिला तिथे मी नेतो, नुसता दारातून आत येऊन. तू नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. फक्त हे पत्र दोनदा वाच आणि मग नाही म्हण.

शौनक

ठाणे
८ जून

प्रिय ताई,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं भावोजींनी कळवलं होतं. तुझं पत्रही आलं. आई संध्याकाळी तुमच्या गच्चीत बसून शेजारच्या मुलांचे पाढे घेते, हे मैथिलीलाही वाचून दाखवलं. ग्लास कपाटात ठेवत नाही ना? तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस, म्हणजे ठेवत नसेल.

तू आलीस तेव्हा दार मीच उघडलं होतं आणि तू एक पाऊल मागे सरलीस. पत्रात त्याची माफी मागितलीस ती नको मागू. तयारीने येऊनही तुझं असं झालं, तर आईचा काय दोष? नंतर तू पुढे येऊन माझ्या गालाला हात लावलास. "किती तापलंय रे," म्हणालीस. इतक्या महिन्यांत डॉक्टर सोडून कुणाला मी हात लावू दिला नव्हता, मैथिलीलासुद्धा नाही. हे तुला तेव्हा सांगता आलं नाही.

तुम्ही निघालात तेव्हा मी वर नव्हतो. पार्किंगमध्ये खांबामागे उभा होतो. तू तिला हाताला धरून गाडीत बसवलंस. बसताना तिने पर्स छातीशी धरली होती आणि मागे वळून बघत होती, कुणी येतंय का म्हणून. गाडी गेटबाहेर पडल्यावर तिने पुढे बघितलं असेल. मला दिसलं नाही.

त्वचेचा तुकडा काढून तपासायला दिला होता. त्यातही काही निघालं नाही. काही निघालं असतं तर निदान नाव तरी कळलं असतं. डॉक्टर बाई म्हणतात, काही जणांचं आपसूक जातं, काही जणांचं राहतं. नवं मलम दिलंय. सकाळी लावतो, संध्याकाळी कधी राहतं. मैथिली आठवण करते. आता बरं व्हायची घाई कुणासाठी करायची, असं मनात येतं आणि तिला ते सांगता येत नाही. घर फार शांत झालंय. संध्याकाळी मी दार उघडून आत येतो आणि कुणी उठून उभं राहत नाही.

एक गोष्ट तुला भावोजींनी सांगितली की नाही ठाऊक नाही. काल तू बाजारात गेली होतीस तेव्हा त्यांनी आईला फोन लावून दिला. तिने मला लगेच ओळखलं, नुसत्या "हॅलो"वर. "शौन्या," म्हणाली. किती महिन्यांनी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं. जेवलास का, बारीक झालास का, सगळं विचारलं. मी भिंतीकडे तोंड करून बोलत होतो. मग तिने आवाज अगदी खाली आणला.

"मी तुझ्या आसूताईकडे आलेय. इथे बरं आहे. पण तू तिथे एकटाच राहिलास रे त्यांच्यापाशी. ते संध्याकाळी आले की त्यांच्यासमोर जाऊ नकोस. जपून राहा."

मी हो म्हणालो. तेवढ्याने तिचं समाधान होईना. माझी शपथ घे, म्हणाली. मी घेतली.

पुन्हा विचारेल ती, तेव्हा तिला एवढं सांग, की शौनक जपून आहे. संध्याकाळी त्यांच्यासमोर जात नाही.

तिचा आणि तुझा,
शौनक