शुक्रवारच्या पिशवीचा वारस

मी, शेषेराव ग्यानबाराव येवतीकर, वय वर्षे छप्पन्न, धंदा नोकरी (महाविद्यालयाच्या कार्यालयात), शिवाय इथल्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला कोणाची ना कोणाची खोडी काढणारे सदर लिहिणे, मूळ गाव येवती, तालुका मुखेड, हल्ली राहणार नांदेड, हे मृत्युपत्र कोणी भरीस न घालता, नशापाणी न करता, डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीने दिलेला नाही. तिचे म्हणणे असे, "ऑपरेशनच्या आधी माणूस देवाचं नाव घेतो. हे बघा काय लिहून राहिले."

येत्या मंगळवारी लातूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. नांदेडला डॉक्टर नाहीत असे नाही. पण लातूरचे डॉक्टर सुदर्शन हाळे यांच्या ओळखीचे आहेत, आणि सुदर्शनरावांच्या ओळखीचे असणे यापेक्षा मोठी पदवी आमच्या घरात कोणी मानत नाही. हे सुदर्शनराव माझे साडू, म्हणजे पत्नीची धाकटी बहीण पुनम हिचे यजमान, लातूरच्या एका शाळेत मास्तर. यांचे नाव पुढे वारंवार येईल. आमच्या घरात ते तसेही वारंवार येते.

मसुदा बघताना माझे शाळासोबती वकील रेणुकादास म्हणाले, "शेषू, ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नको. पुढं भानगडी होतात."

मी म्हणालो, "मग सुदर्शनला साक्षीदार कर. पहिलंच नाव त्याचं घाल."

यावरून माझा हेतू कोर्टाच्या ध्यानात यावा. कलम एक ते सहा मी गुरुवारी लिहिली. पुढची आज, शनिवारी. मधे एक शुक्रवार गेला, त्याचा खुलासा जागेवर केला आहे.

कलम १. राहते घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, पत्नी सौ. साखराबाई हिला. स्वयंपाकघरातली डब्यांची मांडणी कोणी बदलू नये. शेंगदाणे, फुटाणे, गूळ, तीळ, जवसाची चटणी हाताशी; बिस्किटे आणि फरसाण माळ्यावर. स्टूल आणून वर चढेपर्यंत निम्मी इच्छा मरते आणि उरलेल्या निम्मीला शेंगदाणे पुरतात. सूनबाई सृष्टी हिने बिस्किटांचा डबा हळूहळू खाली आणत फ्रीजवर आणून ठेवला आहे. मी पाहिले आहे. तो माझ्या पश्चात पुन्हा वर जावा.

कलम २. बँकेतली ठेव, भविष्य निर्वाह निधी वगैरे सर्व साखराबाईला. मुलगा चि. आदिनाथ याला माझी स्कूटर, आणि एक ताकीद. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी मला ओझे उचलायला आणि गर्दीत फिरायला बंदी केली, म्हणजेच बाजारबंदी केली. आदिनाथ म्हणाला, "पप्पा, तुम्ही कायला टेन्शन घेता? मोबाईलवर मागवतो." मग दारात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ब्रोकोली आली, ओट्स आले, आणि माणसे चार असताना किवी दोन आले. आठवड्याच्या भाजीचा पैसा तेवढ्यात संपला. त्या दोन किवींतली एक फोडही साखराबाईच्या ताटात गेली नाही. माझ्या ताटात दोन आल्या. ती महिनाभर शिळ्या भाकरीवर चटणी घेऊन उठते आहे आणि "माझं झालं" म्हणते आहे. या मृत्युपत्राचे मूळ कारण माझे हृदय नसून हे आहे.

कलम ३. किराणा दुकानदार वीरण्णा (मूळचे देगलूरचे) यांच्याशी डाळीतल्या खड्यांवरून चाललेले माझे भांडण आदिनाथच्या नावे करतो. त्याने ते न चुकता पुढे चालवावे. गप्प गिऱ्हाइकाला वीरण्णा बाहेरचे पोते दाखवतात, भांडणाऱ्याला आतले उघडतात. वर्षाची ज्वारी मात्र दुकानातून घेऊ नये. रास झाली की मुखेडच्या बाजारात जाऊन दाताखाली दाणा धरून घ्यावी, कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. करडईचे तेल घाण्यावरून, एका वेळी महिन्याचेच.

कलम ४. हे कलम मी जिवंत असेपर्यंत साखराबाईला वाचून दाखवू नये.

फार वर्षांपूर्वी ती जिन्यात चक्कर येऊन पडली. रक्त कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, पालेभाजी, कडधान्य, फळ खायला घाला. मी तसे आणायला लागलो. ती तसे रांधायला लागली. आणि खायला लागलो आम्ही, बाप आणि लेक. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसायची. पातेल्यात जे उरेल ते तिचे, आणि चांगले कधी उरत नाही.

"तू पण घे ना," म्हणावे तर म्हणायची, "हाव, घेते की. तुमचं होऊ द्या."

तेव्हा मी शुक्रवारच्या बाजाराची रचना केली. पहिली फेरी रिकाम्या हाताने मारायची. ढिगाऱ्याच्या गाड्यावर न जाता गोणपाट पसरून स्वतःच्या शेतातले विकायला बसलेल्यांकडे जायचे. पालेभाजी उन्हं कलायच्या आत, दोडका-भोपळा दिवेलागणीला भाव उतरल्यावर. घरी पाला आधी संपवायचा, मग फळभाजी, आणि पुढचा बाजार येण्याआधीच्या दोन दिवसांत मोड आलेली मटकी, हुलगे, सांडगे. कोणत्या दिवशी ताटात काय, हे पिशवी भरतानाच ठरलेले पाहिजे. म्हणजे सडत काही नाही आणि पैसा पुरतो. हे सर्व कोणीही शिकेल.

पुढचे कोणी शिकू नये असे मला वाटत होते. जे तिला खायला घालायचे आहे, ते मला आवडत नाही असे मी जाहीर करायचे. करडईची कोवळी भाजी माझ्या जिवापलीकडची आहे. लसूण घालून परतली की दारापर्यंत वास येतो आणि माझा अंत पाहतो. पहिल्याच आठवड्यात मी ताट बाजूला सारून म्हणालो, "मला नको. उग्र लागते." आदिनाथ लहान होता. बाप खात नाही म्हटल्यावर त्यानेही नाक मुरडले. भाजी टाकायची तिला सोय नाही. मग खाणार कोण? हळूहळू चुका, हरभऱ्याचा पाला, अळिवाचे लाडू हे सगळे "मला न आवडणारे" झाले. साखराबाईच्या तोंडावर लाली आली. माझी बदनामी अशी झाली, की येवतीला लग्नकार्यात बायका म्हणतात, "साखराचा नवरा लई नखऱ्याचा, पाल्याला शिवत न्हाई."

कलम ५. यथावकाश डॉक्टरांनी तिचे रक्त तपासले आणि आनंदाने विचारले, "ताई, काय केलंत तुम्ही?"

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. कॉलर ठीक केली होती.

ती म्हणाली, "आमच्या पुनमचे मालक सांगतात ना मोबाईलवर, तसं खाते."

पुनमच्या मालकांचे सांगणे ते काय? हा मनुष्य एका दिवाळीत माझ्याबरोबर बाजाराला आला. पिशवी धरायला. मी बोलत गेलो, तो माना हलवत गेला. लातूरला परत गेल्यावर त्याने मोबाईलवर व्हिडिओ काढून बोलायला सुरुवात केली. विषय, "कमी खर्चात सकस ताट". रिकाम्या हाताची फेरी माझी. दिवेलागणीचा दोडका माझा. आधी पाला मग फळभाजी, हा क्रमही माझा. शर्ट फक्त त्याचा होता, इस्त्रीचा. बचत गटांच्या बायका त्याला भाषणाला बोलावतात, नारळ-शाल देतात. माझ्या घरात, माझ्या पिशवीतली, मी वेचून आणलेली मेथी निवडत माझी बायको त्याचे ऐकते आणि मला म्हणते, "ऐका जरा, पाहुणे किती चांगलं सांगून राहिले."

मी जळतो. सदरात मी याला दुसरी नावे देत आलो. मृत्युपत्रात खरे नाव लिहावे असे वकील म्हणाले.

आणखी एक प्रसंग. मागच्या वर्षी उदगीरकडे सुदर्शनच्या मित्राच्या शेतात आम्ही दोघेच हुरड्याला गेलो. बायका बरोबर नव्हत्या. मित्राच्या आईने करडईची भाजी केली होती. कोणी ओळखीचे बघत नाही म्हटल्यावर मी तुटून पडलो, आणि हाही माझ्या बरोबरीने पातेले पुसून जेवला. उठताना मी दटावले, "घरी बोलू नका."

तो म्हणाला, "तुम्ही पण बोलू नका."

माझी टर उडवतो आहे असे समजून मी परतीच्या वाटेत त्याच्याशी बोललो नाही.

कलम ६. सबब, सुदर्शन नरसिंगराव हाळे यांस माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. वस्तू नाही, आठवण नाही. माझ्या फोटोला पहिला हार घालण्याचा मानही नाही. ते तो मोबाईलवर दाखवेल.

कलम ७. काल शुक्रवारी सुदर्शन आम्हाला लातूरला न्यायला गाडी घेऊन आला. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला, फ्रीज उघडला, ब्रोकोली पाहिली. बाहेर आला. खिळ्यावरची माझी पिशवी काढली आणि गेला.

दिवे लागल्यावर परत आला. मी पलंगावरून पिशवी तपासली, चूक सापडावी म्हणून. पेरू होते, गाजरे होती, हरभऱ्याचा पाला होता, हुलगे होते. आणि तळाशी न दबता, वरच्या बाजूला, ओल्या फडक्यात गुंडाळलेली करडईची कोवळी जुडी. ओल्या फडक्याचे मला कधी सुचले नव्हते. त्यावरही मी जळलो.

रात्री पंगत बसली. साखराबाई वाढायला आली. "पाहुणे, करडईची भाजी वाढू?"

सुदर्शनने ताटावर हात आडवा धरला. "नको, वैनी. मला चालत नाही ती. उग्र लागते."

माझा घास हातातच राहिला.

साखराबाई हसून म्हणाली, "बघा, ह्यांचं पण तसंच. दोघं साडू सारखेच खोडीचे. पुनम पण हेच सांगती. तिच्या घरी तीच एकटी खाती म्हणे."

सुदर्शनने माझ्याकडे पाहिले नाही. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मग साखराबाईने पातेले पुढ्यात ओढले आणि महिन्यात पहिल्यांदा भाकरीशी पोटभर भाजी खाल्ली. आम्ही दोघे वरण-भात चिवडत बसलो. वास सगळ्या घरात होता.

जेवण झाल्यावर गॅलरीत मी विचारले, "कधीपासून आवडत नाही तुम्हाला?"

"पुनमचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हापासून. तुम्हाला?"

"त्याच्याही आधीपासून," मी म्हणालो.

हे खोटे होते, याची येथे नोंद करतो. पुनमचे बाळंतपण आधीचे, साखराबाई जिन्यात पडली ते नंतरचे. बाजार त्याने माझा उचलला हे खरे. पण जी एकच गोष्ट मी निव्वळ माझी म्हणून छातीशी धरून होतो, ती त्याची माझ्याहून जुनी निघाली. कलम पाचपर्यंतच्या मत्सरात याची भर धरावी.

कलम ८. तरीही मी शांतपणे विचार केला. माझ्या मागे या घरात पोटापुरते सगळे येईल. फक्त "मला नको" म्हणणारा कोणी राहणार नाही. तसे झाले तर साखराबाई पुन्हा शेवटी बसेल, आणि तिच्यासाठी काही उरणार नाही.

म्हणून कलम सहा रद्द करतो. शुक्रवारची पिशवी, खिळ्यासह, सुदर्शन हाळे यांस देतो. अटी अशा. त्याने जमेल त्या शुक्रवारी लातूरहून यावे, आदिनाथला बरोबर घेऊन बाजार करावा, आणि त्या वेळी मोबाईल घरी ठेवावा. जेवायला आमच्याकडेच बसावे आणि भाजी नाकारावी. ज्या दिवशी आदिनाथ कोणी न शिकवता, सृष्टीसमोर, आवडीच्या भाजीवरून हात मागे घेऊन "मला नको" म्हणेल, त्या दिवशी पिशवी त्याच्या स्वाधीन करावी. श्रेय कोणाचे, हे बायका ठरवतील. त्या सुदर्शनचेच ठरवतील. माझी हरकत आहे, पण ती दप्तरी राहू द्यावी.

कलम ९. माझ्या दहाव्याला पानावर करडईची भाजी ठेवावी. मोसम नसल्यास सांडगे चालतील. हे कलम वाचून साखराबाई म्हणेल, "ह्यांना तर ती आवडतच नव्हती." तेव्हा तिला कलम चार वाचून दाखवावे आणि आधी तिला जेवू घालावे. ती पोटभर जेवून उठेपर्यंत कावळा पानाला शिवणार नाही. उगाच ताटकळत बसू नये.

कलम १०. ऑपरेशनमधून मी वाचलो, तर हा कागद वकिलांनी कुलपात ठेवावा. तिच्या हाती लागला तर ती भाजी मला वाढेल.

हे माझे पहिले मृत्युपत्र. दुसरे लिहायची वेळ आली तर आनंदच आहे.

ठिकाण: नांदेड
दिनांक: १३ डिसेंबर २०२५

(सही) शेषेराव ग्यानबाराव येवतीकर

लिहून देणाराने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर केली:

साक्षीदार १: ~~सुदर्शन नरसिंगराव हाळे, लातूर~~ (यांस पिशवी मिळत असल्याने नाव कमी केले.) त्यांच्या जागी: रेणुकादास, वकील, नांदेड. (सही)

साक्षीदार २: वीरण्णा, किराणा दुकानदार, नांदेड. (सही) कलम तीनमधल्या खड्यांबाबत तक्रार राखून.

वरील खाडाखोड माझ्या हातची आहे. ती जळफळाटासह कबूल.

(सही) शे. ग्या. येवतीकर