सगळं करा

पंचवटी, नाशिक
मंगळवार, दुपार

प्रिय वत्सू,

सकाळी डबा घेऊन आले तेव्हा तासभर तुझ्या शेजारी बसले होते, आणि आता घरी येऊन तुलाच पत्र लिहिते आहे. हसशील तू. पण हॉस्पिटलच्या त्या हॉलमध्ये तू एकटी सापडतच नाहीस. सार्थक असतो, तुझे दीर असतात, चांदवडहून कोणी ना कोणी भेटायला आलेलं असतं. फोन करावा तर सार्थक उचलतो आणि म्हणतो, "थांब मावशी, स्पीकरवर टाकतो, आई पण ऐकेल." लेकरू चांगल्या मनाने करतं. पण मला चारचौघांत बोलता येत नाही, स्पीकरवर तर नाहीच नाही. उद्या सकाळी तुम्ही गाळ्याच्या सहीसाठी चांदवडला निघणार, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. संध्याकाळचा डबा मयुरेश ऑफिसातून आल्यावर देऊन जाईल. पिशवीत पंच्याच्या घडीत पत्र आहे. ओळी वरखाली गेल्या असतील, समजून घे.

डब्यात मुगाची खिचडी आणि कढी आहे. काल पोळ्या तशाच परत आल्या. तू खात नाहीस, नुसता चहा पितेस. यज्ञेश्वरराव आत आयसीयूत आहेत म्हणून बाहेर तू उपाशी बसलीस तर त्यांना काही कळणार नाही, आणि तुझं पित्त मात्र उसळेल.

मला आज एका जागी बसवत नाही. भाजीबाजारात गेले, मेथीच्या दोन जुड्या हातात घेतल्या, भाव विचारला आणि ठेवून परत आले. घरी येऊन वाळलेले कपडे घडी केले, मग पुन्हा उलगडून पुन्हा घडी केले. आभा आज घरूनच काम करते आहे. ती कानातलं फोनचं यंत्र काढून म्हणाली, "आई, बसा बरं जरा. तुमच्याकडे बघून मलाच गरगरतंय." मी म्हटलं, बसते. बसले, चार ओळी लिहिल्या आणि उठून गॅस बंद आहे का बघून आले. तो बंदच होता.

काल डॉक्टरांनी आपल्याला केबिनमध्ये बोलावलं, ते डोळ्यांपुढून जात नाही. भला माणूस वाटला मला. खुर्ची पुढे ओढून सावकाश बोलला. म्हणाला, "काकू, मेंदूत रक्तस्राव फार झालाय. आत्ता श्वास ते स्वतः घेताहेत, पण आज ना उद्या तो कमी पडेल. तेव्हा मशीनवर घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. घेतलं तर महिनाही निघेल, दोनही निघतील. पण शुद्धीवर येतील असं मी म्हणणार नाही. नाही घेतलं तर घरी न्या, त्रास होणार नाही एवढी औषधं देतो, माणूस पाठवतो." मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू पदर घट्ट धरलास आणि म्हणालीस, "सगळं करा." लगेच चंदरभाऊजी म्हणाले, "वहिनी, पैशाचं मनात आणू नका. गाळ्याला गिऱ्हाईक तयार आहे, बुधवारी सही करून टाकू." सार्थकने रडत तुझा हात धरला. मी भिंतीशी बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, बघितलंस.

यांच्या वेळी मीही तेच दोन शब्द बोलले होते गं. हे जाऊन पौषात वर्ष होईल. सकाळचा चहा घेता घेता यांचा कप कलंडला, तोंड वाकडं झालं, आणि जे हॉस्पिटल जवळ होतं तिथे नेलं. सातपूरच्या कंपनीचा विमा निवृत्तीबरोबर संपला होता. नंतर स्वतःचा घ्यायचा म्हटलं तर वय आणि साखर बघून हप्ता असा काही सांगितला की हे म्हणाले, "एवढ्या पैशात तर मी आजारी न पडता जगून दाखवीन." सरकारी योजना त्या हॉस्पिटलात लागू नाही हे आम्हाला दाखल केल्यावर कळलं, आणि तोवर यांना हलवणं धोक्याचं होतं. मग रोज कोणीतरी म्हणायचं, अजून दोन दिवस बघू. मयुरेश माझ्याकडे बघायचा, मी म्हणायचे, बघू. तो म्हणायचा, "आई, उद्या आपल्याला वाटायला नको की राहून गेलं." ठेवी मोडल्या. मयुरेशने बँकेतून उचलले, मित्रांकडून उचलले. हे गेल्यावर ते फेडायला इंदिरानगरचा फ्लॅट गेला. ते तुला माहीत आहे.

माहीत नाही ते सांगते. यांना नळी सहन होत नव्हती. हात वर करून ओढायला बघायचे, म्हणून बँडेजच्या पट्टीने दोन्ही हात पलंगाला बांधले होते. मी आत गेले की बोटं हलवायचे. सिस्टर म्हणाली, "त्यांना कळत नाही आजी, ते आपोआप होतं." असेल. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण घरी आणल्यावर शेवटची अंघोळ घालताना मनगटांवर वळ दिसले, बांगडीसारखे गोल. मी तिथे तेल लावलं. भटजी म्हणाले, "कुसुमताई, आटपा." मी आणखी थोडं लावलं. हे मी मयुरेशलाही बोलले नाही.

नंतर लोक भेटायला आले. तेराव्यापर्यंत रीघ होती. मंगलाबाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "कुसुम, तू काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाहीस हो." मग जी येईल ती तेच म्हणायची. बाकी ठेवलं नाहीस. त्यांना म्हणायचं होतं, नवऱ्याचं सगळं केलंस. मी मान हलवायचे. आणि एके दिवशी मान हलवता हलवता मला त्या शब्दांचा दुसरा अर्थ लागला, आणि सगळ्यांसमोर हसू आलं. पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, रडते आहे.

आता डोळ्यांचं. तुला मी सांगितलं होतं की चष्म्याचा नंबर वाढलाय. तसं नाही. साखरेने डोळ्याच्या पडद्याला सूज आली आहे. त्यावर डोळ्यातच इंजेक्शन देतात, महिन्याला एक, तीन तरी घ्यायची, मग पुढचं बघू म्हणाले. पहिलं घेतलं. दुसऱ्याच्या वेळी मयुरेशच्या गाडीचं काम निघालं आणि तो म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात चालेल ना?" मी म्हटलं, अरे, मला तर आता छान दिसतंय. त्याच्या चेहऱ्यावर केवढं हायसं वाटलेलं दिसलं! तेवढं मात्र दिसलं मला. पुढचा महिना आला, त्याने विचारलं नाही, मी काढलं नाही. तो वाईट नाही, वत्सू. आभाही नाही. मला वेळच्या वेळी जेवण आहे, ती मला आई म्हणते. पण त्याचा अर्धा पगार यांच्या आजारपणाच्या हप्त्यांत जातो, आणि मला ते रोज दिसतं. अशा मुलाकडे डोळ्यांसाठी कसं मागायचं? मी मनाशी ठरवते, आज जेवताना सांगू. मग तो दमून आलेला असतो. मग रविवारी सांगू. रविवारी तो खुशीत असतो, तेव्हा तर नकोच वाटतं. कंपनीकडची यांची जी थोडी पेन्शन मला मिळते ती साखरेच्या गोळ्यांत जाते. त्याही मी एक दिवसाआड घेते.

फॉल-पिकोचं काम माझं मला पुरत होतं. हे होते तेव्हा मी त्या पैशांना हात लावत नसे, गंमत म्हणून करायचे. आता खरी गरज लागली तर टाका कुठे पडतो तेच दिसेना. सुई आभा ओवून देते, पण पुढे मी बोटांनी चाचपत जाते. समोरच्या बिल्डिंगमधली सरिता साडी घेऊन परत आली आणि म्हणाली, "काकू, हा फॉल लावलाय की सप्तशृंगीचा घाट?" आम्ही दोघी खूप हसलो. ती गेल्यावर मी उरलेल्या साड्या ज्याच्या त्याला देऊन आले. सांगितलं, हात दुखतो.

तू मला विचारशील, ताई, मग तेव्हा यांना आणायला हवं होतं का घरी? मला ठाऊक नाही. खरंच नाही. पहिल्या आठवड्यात आशा होती, तेव्हाचं मी काही म्हणत नाही. पण पुढचे पंधरा-वीस दिवस कोणासाठी होते? यांच्यासाठी नव्हते. मला वाटतं ते आमच्यासाठी होते, कारण पुरे हा शब्द कोणी उच्चारायचा हे ठरत नव्हतं. मुलगा म्हणाला तर बापाच्या जिवावर उठला, बायको म्हणाली तर मग बोलायलाच नको.

आणि तुझं तर आणखीच अवघड. घर, बियाण्यांचं दुकान, सगळं यज्ञेश्वररावांच्या नावावर, आणि त्यांचा हात आता सही करणार नाही. तुझ्या नावावर हायवेचा तो एक गाळा, म्हणजे विकता येण्यासारखं तेवढंच. कोणाच्या मनात वाकडं आहे असं मी म्हणत नाही. चंदरभाऊजी आठ दिवस घरी गेलेले नाहीत, मी बघते आहे. पण तो गाळा घेतला त्या दिवशी आपण सगळे रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो होतो, आणि परत येताना यज्ञेश्वरराव आमच्या यांना म्हणाले होते, "साडू, उद्यापासून मी बायकोचा भाडेकरू शोधणार. मी नसलो तरी हिला महिन्याच्या महिन्याला कोणापुढे हात पसरायला नको." हे त्यांना म्हणाले, "म्हणजे उसळ-पाव खायचा तरी मेहुणीबाईंची परवानगी!" दोघं किती हसले. माझ्या नावावर तसं काही करायचं यांना सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. फ्लॅट आहे की, एवढंच आम्हाला माहीत.

मघाशी उठले ती गच्चीवर गेले होते. तिथेही चार येरझाऱ्या झाल्या. आता मयुरेश यायची वेळ झाली, आणि जे लिहायचं ते अजून लिहिलेलंच नाही.

वत्सू, उद्या सही करू नकोस. डॉक्टरांना पुन्हा भेट, एकटी भेट, आणि विचार की मशीन लावलं तर हे उठून बसतील का, मला ओळखतील का. तो हो म्हणाला तर गाळा काय, माझ्या कानातल्या कुड्याही घे. नाही म्हणाला तर यज्ञेश्वररावांना चांदवडला घरी ने, आणि शेवटपर्यंत त्यांचा हात हातात घेऊन बस. तो हात मोकळा असू दे. मला ठाऊक आहे, हे तुला तोंडाने म्हणता येणार नाही. नवरा आत पडलेला असताना बायकोने माझा गाळा, माझं म्हातारपण असं म्हणायचं, ते कोणी ऐकून घेत नाही. तुझ्या मनात येऊन गेलं असेल, आणि आलं म्हणून तू स्वतःलाच बोल लावत असशील. म्हणून ते मी म्हणते आहे, आणि म्हणूनच कागदावर. आधी शेवटी लिहिणार होते, वाचून फाडून टाक. फाडू नकोस. आधी जेव, मग हे सार्थकला वाचायला दे, चंदरभाऊजींना दे. डोळ्यांचं, गोळ्यांचं, मनगटांचं, सगळं वाचू दे त्यांना. मयुरेशला त्यांच्याकडून कळलं तर कळू दे, मला ते कधी जमलं नसतं. सांग की मी तर सगळं करा म्हणाले होते, ताईने अडवलं. यज्ञेश्वररावांच्या जिवापेक्षा ताईला गाळा मोठा झाला, असं चांदवडभर झालं तरी चालेल. मला या वयात कुठे सून म्हणून जायचं नाही. उद्या सकाळी तुमची गाडी निघायच्या आधी मी येते. ज्याला जे बोलायचं ते त्याने मला बोलावं, तुला नाही. मी ऐकून घेईन.

तुझीच,
ताई